न्यायासनावरून बोललेला शब्द आणि न्यायाधीशांचं प्रशिक्षण

न्यायाधीशाने मुलाखती देऊ नयेत, त्याच्या वतीने त्याचा निकालच बोलेल. नव्याने रुजू झालेल्या न्यायाधीशाला वरिष्ठांकडून हमखास मिळणारा हा सल्ला 7 मे 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलेल्या 16 कलमी आचारसंहितेतला आहे. संहिता मुळात उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या न्यायमूर्तींसाठी होती, पण तिची शिकवण खालपर्यंत झिरपली. तिचं सोळावं कलम मात्र फारसं कुणी उच्चारत नाही. आपण सदैव लोकांच्या नजरेखाली आहोत, याची जाणीव न्यायाधीशाने ठेवावी, असं ते सांगतं. गेल्या पंचवीसेक वर्षांच्या प्रशिक्षणात मुलाखतबंदीच्या कलमाची उजळणी पुष्कळ झाली. सोळाव्याचा अर्थ रोजच्या कामात काय होतो, हे शिकवायला फार उशिरा सुरुवात झाली आणि ते काम आजही अपुरं आहे.

त्याआधीचा इतिहास बाहेरच्याने काय बोलावं याचाच आहे. 1908 च्या राजद्रोह खटल्यावर टीका केली म्हणून पुण्याच्या एका संपादकाला न्यायालयाच्या बेअदबीबद्दल शिक्षा झाली. अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशाने उच्च न्यायालयाला लिहिलेलं पत्र छापल्याबद्दल 1920 मध्ये ‘यंग इंडिया’च्या संपादकाला मुंबईत कडक समज मिळाली. 1971 च्या कायद्याने निकालावरची रास्त टीका हा अवमान नाही, हे स्पष्ट केलं. 2006 च्या दुरुस्तीनंतर लोकहितासाठी आणि प्रामाणिकपणे मांडलेलं सत्य हा बचाव म्हणून चालू लागला.

याच मालिकेतलं मुंबईचं एक प्रकरण पुढच्या गोष्टीशी थेट जोडलेलं आहे. 1964 मध्ये एका साप्ताहिकाच्या संपादकावरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराने विनंती केली, की माझी साक्ष छापली गेली तर धंदा बुडेल. न्यायमूर्तींनी ती छापू नये असा आदेश दिला. हा आदेश तोंडी होता. वार्ताहर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1966 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आदेश कायम ठेवला. एका न्यायमूर्तींनी मात्र वेगळं मत नोंदवलं. न्यायासनावरून बोललेल्या आणि कागदावर न आलेल्या शब्दाचं वजन किती, हा प्रश्न तेव्हापासूनच होता. पण तो साक्षीदाराचा व्यवसाय आणि पत्रकाराचा हक्क यांच्या वादात झाकला गेला.

प्रशिक्षणाची यंत्रणा उभी राहायला बराच काळ गेला. न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावर 1986 मध्ये एका आयोगाचा स्वतंत्र अहवाल आला. नोव्हेंबर 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रात आणि राज्यांत सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या संस्था काढा, असा आदेश दिला. 1993 मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या अकादमीची नोंदणी झाली आणि 2002 मध्ये भोपाळच्या आवारात तिचं उद्घाटन झालं. महाराष्ट्रात नागपूरची संस्था होती, नंतर भाईंदरजवळ उत्तनला अकादमी आली. या वर्गांचा बराच वेळ निकालपत्र कसं लिहावं, पुराव्याचा कायदा, जुनी प्रकरणं निकाली काढणं आणि संगणक यांत जातो, आणि ते आवश्यकच आहे. माध्यमांचा विषय येतो तो परिषदेतल्या एखाद्या सत्रापुरता. त्याचा सूरही बहुधा ‘समतोल कसा राखावा’ असा सर्वसाधारण असतो.

मग 2018 आलं. 12 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली. 1997 ची संहिता तोंडपाठ असलेल्यांना तो धक्काच होता. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला न्यायालयीन कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता मिळाली. कोविडच्या काळात, ऑक्टोबर 2020 मध्ये, गुजरातच्या उच्च न्यायालयाने यूट्यूबवर प्रक्षेपण सुरू केलं. 27 सप्टेंबर 2022 पासून दिल्लीतल्या घटनापीठांचं कामकाज घरबसल्या दिसू लागलं आणि पहिल्याच दिवशीच्या विषयांत महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाचा खटला होता. गावोगावच्या कट्ट्यांवर ती सुनावणी मोबाइलवर पाहिली गेली. कोणत्या न्यायमूर्तींनी कोणत्या वकिलाला काय विचारलं, यावरून निकालाचे अंदाज बांधले जात होते.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा कणा 2021 च्या पहिल्या पाच महिन्यांत आहे. 18 जानेवारीला मुंबई उच्च न्यायालयाने एका अभिनेत्याच्या मृत्यूच्या वार्तांकनासंदर्भात वाहिन्यांच्या समांतर खटल्यांवर ताशेरे ओढले आणि मार्गदर्शक सूचना दिल्या. दुसऱ्याच दिवशी, 19 जानेवारीला, नागपूर खंडपीठाने बाललैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात त्वचेला त्वचेचा थेट स्पर्श आवश्यक असल्याचा निकाल दिला. देशभर संताप उसळला. 27 जानेवारीला त्याला स्थगिती मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये तो रद्द झाला. ती टीका रास्तच होती. 18 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला पीडितेकडून राखी बांधून घ्यायला लावणारी जामिनाची अट रद्द केली. शिवाय न्यायाधीशांच्या प्रारंभिक आणि निरंतर शिक्षणात लिंगभाव संवेदनशीलता आणा, त्यासाठीचा आशय राष्ट्रीय अकादमीने तयार करावा, असंही सांगितलं. निकालातून थेट अभ्यासक्रम निघाल्याचं हे ठळक उदाहरण.

आणि मग 6 मे. 26 एप्रिलला मद्रास उच्च न्यायालयात मतमोजणीच्या वेळच्या कोविड नियमांची सुनावणी चालू होती. दुसऱ्या लाटेला निवडणुका घेणारी यंत्रणाच जबाबदार आहे आणि तिच्या अधिकाऱ्यांवर बहुधा खुनाचे गुन्हे दाखल व्हायला हवेत, असं न्यायासनावरून म्हटलं गेलं. त्या दिवशीच्या लेखी आदेशात यातलं काहीच नव्हतं. वर्तमानपत्रांत मात्र मथळा हाच होता. संबंधित यंत्रणेने उच्च न्यायालयाकडे आणि मग सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. तोंडी शेऱ्यांच्या बातम्या देण्यापासून माध्यमांना रोखा, अशी तिची विनंती होती.

सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. न्यायालय खुलं आहे, तिथे काय बोललं जातं हे लोकांपर्यंत पोहोचवणं हा माध्यमांच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, असं निकाल सांगतो. वकील आणि न्यायमूर्ती यांच्यातली प्रश्नोत्तरं ही युक्तिवादाची पद्धतच आहे, ती दाबता येणार नाही, हेही त्यात आहे. मात्र ते शेरे कठोर होते, ती उपमा अनुचित होती आणि न्यायासनावरची भाषा पदाला साजेशी हवी, हेसुद्धा तितक्याच स्पष्टपणे म्हटलं आहे. 1964 च्या तोंडी बंदीच्या शेजारी हा निकाल ठेवला की आपण किती पुढे आलो ते कळतं. माध्यमांना न रोखण्याचा निर्णय योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण या निकालाने एक जागा मोकळी सोडली. शेरे अधिकृत नोंदीचा भाग नाहीत, म्हणून ते वगळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कायद्याने हे बरोबर आहे. पण ज्याच्याबद्दल शेरा मारला जातो त्याच्या हाती त्यामुळे काहीच उरत नाही. लेखी आदेशातलं वाक्य खटकलं, तर वरच्या न्यायालयात जाऊन ते काढून टाकण्याची मागणी करता येते. तोंडी वाक्याविरुद्ध दाद मागायला कागदच नसतो. निवडणुका घेणाऱ्या यंत्रणेकडे दिल्लीत वकील होते. तालुक्याच्या न्यायालयातल्या पोलिस हवालदाराकडे, घटस्फोट मागणाऱ्या बाईकडे किंवा तलाठ्याकडे ते नसतात.

तिथे हे कसं घडतं ते पाहा. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीत, शंभरेक प्रकरणं आहेत. पुकारा होतो, पक्षकार पुढे येतो, तिसऱ्यांदा मुदत मागितली जाते. न्यायाधीश वैतागून दोन वाक्यं बोलतात. स्टेनो ती घेत नाही, कारण ते डिक्टेशन नसतं. रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या रोजच्या नोंदीत, इतकंच चढतं, की अर्जदार हजर, मुदतीचा अर्ज, अर्ज मंजूर, पुढील तारीख. मागच्या बाकावर स्थानिक बातमीदार बसलेला असतो. दुपारच्या सुटीपर्यंत ती दोन वाक्यं तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलेली असतात, कधी जशीच्या तशी, कधी तिखटमीठ लावून. न्यायाधीशाला खुलासा करता येत नाही, कारण आचारसंहिता आणि सेवानियम आड येतात. पक्षकारालाही दाद मागता येत नाही. संयम राखा, हे 6 मेच्या निकालाने सांगितलं. शंभर प्रकरणांच्या बोर्डापुढे तो कसा राखायचा, हे शिकवायला हवं होतं. सात आठवडे आधी राखीच्या प्रकरणात अकादमीला काम नेमून दिलं गेलं होतं, तसं इथे झालं नाही. माझा आक्षेप एवढाच आहे.

पुण्याच्या मे 2024 च्या प्रकरणाने दुसरी बाजू दाखवली. 19 मेच्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव आलिशान गाडीने दोघांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने त्याच दिवशी जामीन दिला. अटींमध्ये अपघातावर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. ‘निबंध’ हा शब्द काही तासांत देशभर झाला. 22 मेला मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. 25 जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ती रवानगी बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं. घटनेनंतर उठलेल्या गदारोळाने आम्ही चालणार नाही, असंही त्या निकालात आहे. पुढे मंडळाच्या दोन बिगरन्यायिक सदस्यांना सरकारने पदावरून दूर केलं.

लोकांचा संताप मला समजतो, दोन घरांतली तरुण मुलं गेली होती. पण निबंधाची अट जगभर फिरली, ती अट का घातली याची कारणं फिरली नाहीत. इतक्या गंभीर घटनेत जामीन देताना कायदा काय सांगतो आणि आपण तो का लावतो आहोत, हे वाचणाऱ्याला समजेल अशा चार ओळींत मांडता आलं पाहिजे. तीन दिवसांनी दडपणाखाली पावलं मागे घेण्याची पाळी त्यानेही कदाचित टळली नसती, पण आदेशाला निदान स्वतःच्या पायावर उभं राहता आलं असतं. दुसरी गोष्ट, असे आदेश देणारे सगळेच न्यायिक सेवेतले नसतात. मंडळावर सामाजिक कार्यकर्ते असतात. बालकांच्या कायद्याचं प्रशिक्षण त्यांच्यासाठी नियमाने सांगितलेलं आहे, पण देशाच्या नजरा रोखलेल्या असताना आदेश कसा लिहावा आणि दुसऱ्या दिवशी काय करू नये, याचीही त्यांना तितकीच गरज आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये कर्नाटकातल्या एका न्यायमूर्तींनी बंगळुरूच्या एका वस्तीबद्दल काढलेले उद्गार प्रक्षेपणाच्या तुकड्यातून पसरले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केल्यावर 25 सप्टेंबरला प्रकरण संपलं. यावर उपाय पडदा टाकणं नसून आणखी प्रकाश हाच आहे, अशी भूमिका तिथे घेतली गेली. तरीही ठिकठिकाणच्या नियमांचा ओढा परवानगीशिवाय तुकडे कापून पसरवू नयेत याकडेच आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत एका सुनावणीत म्हटलं गेलं, की न्यायाधीशांनी संन्याशासारखं जगावं, घोड्यासारखं काम करावं आणि फेसबुकवर जाऊ नये. हाही तोंडी शेराच होता, आणि तो दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत होता.

मार्च 2025 मध्ये तर एका न्यायमूर्तींच्या निवासस्थानी सापडल्याचं सांगितलेल्या रोकडीचा प्राथमिक अहवाल, छायाचित्रांसह, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच संकेतस्थळावर ठेवला. मे महिन्यात न्यायमूर्तींच्या मालमत्तेची विवरणंही तिथे आली. लोकांच्या नजरेपासून दूर राहण्याचा पर्याय वरच्या न्यायालयाने स्वतःसाठीच आता मोकळा ठेवलेला नाही. खालच्या न्यायालयातल्या न्यायाधीशाला मात्र शिकवण मिळते ती अजून 1997 च्या मुलाखतबंदीची. त्यात निदान तीन गोष्टींची भर पडायला हवी. युक्तिवादाच्या वेळी तोंडून काय जातं याचा सराव, आदेशाची कारणं पक्षकाराला कळतील अशा मराठीत थोडक्यात लिहिणं, आणि चुकीची बातमी आली तर न्यायाधीशाने गप्प राहायचं असलं तरी वस्तुस्थिती कुणी आणि किती वेळात सांगायची याची लेखी पद्धत. तिसरी गोष्ट न्यायाधीशाच्या हातातली नाही. ती जिल्हा न्यायालयांच्या प्रशासनाने ठरवायची आहे.