अमेरिकेतील टॅक्स रिटर्न: प्रिपेअररकडे जाण्यापूर्वी जमवायची कागदपत्रे

अमेरिकेत राहणारी अनेक मराठी कुटुंबे आपले फेडरल आणि राज्याचे टॅक्स रिटर्न सीपीए (परवानाधारक लेखापाल), एनरोल्ड एजंट (सरकारमान्य करसल्लागार) किंवा अन्य टॅक्स प्रिपेअररकडून, म्हणजे रिटर्न तयार करून देणाऱ्या व्यावसायिकाकडून, भरून घेतात. भेटीच्या वेळी अमेरिकेतली कागदपत्रे बहुधा हाताशी असतात, कारण कंपनी, बँक आणि ब्रोकर ती स्वतःहून पाठवतात. काम अडते ते भारतातल्या खात्यांच्या तपशिलापाशी. तो कोणी आपणहून पाठवत नाही. तो मागवावा लागतो, आणि तोही भारतातील आर्थिक वर्षाप्रमाणे नव्हे, तर जानेवारी ते डिसेंबर या कालावधीचा. म्हणून कागदपत्रे जमवण्याची सुरुवात भारतापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जगभरातले उत्पन्न कोणी दाखवायचे, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना ते दाखवावेच लागते. व्हिसावर असलेल्यांसाठी दिवसांची मोजणी आहे: चालू वर्षात किमान ३१ दिवस अमेरिकेत वास्तव्य, आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, आदल्या वर्षाच्या दिवसांचा एक-तृतीयांश व त्याच्या आदल्या वर्षाच्या दिवसांचा एक-षष्ठांश मिळून किमान १८३ दिवस झाले, तर ती व्यक्ती करासाठी साधारणतः रहिवासी ठरते. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्यांचे दिवस सर्वसाधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे या मोजणीत धरले जात नाहीत. त्यासाठी त्यांना ही सूट नोंदवणारा फॉर्म ८८४३ द्यावा लागतो. ज्यांचा व्हिसा वर्षभरात बदलला किंवा जे वर्षाच्या मध्यात अमेरिकेत आले, त्यांनी पासपोर्टवरील शिक्के आणि आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची सरकारी नोंद) चा प्रवास-इतिहास सोबत न्यावा, कारण रिटर्न कोणत्या प्रकारचे भरायचे हे त्या तारखांवर ठरते.

भारतातील बचत खाते, मुदत ठेवी, एनआरओ (भारतातील उत्पन्नासाठी) आणि एनआरई (परदेशातून पाठवलेल्या पैशांसाठी) ही अनिवासी भारतीयांची खाती, अशा प्रत्येक खात्याचे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या तारखांचे स्टेटमेंट काढावे. बँकेचे व्याज प्रमाणपत्र एप्रिल ते मार्च या वर्षाचे असते, त्यामुळे २०२५ च्या रिटर्नसाठी २०२४-२५ मधील शेवटचे तीन महिने आणि २०२५-२६ मधील पहिले नऊ महिने लागतात. भारतात कापलेल्या टीडीएसचेही असेच आहे: त्याचे श्रेय फॉर्म १११६ द्वारे मागायचे असेल, तर दोन्ही आर्थिक वर्षांचे २६एएस (कापलेल्या कराचे भारतीय प्राप्तिकर विभागाचे विवरण) काढून त्यातल्या तारखांनुसार रक्कम वेगळी करावी लागते. एनआरई खात्यावरील व्याज भारतात करमुक्त असल्यामुळे ते अमेरिकेतही दाखवायचे नसते, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेच्या दृष्टीने ते करपात्र व्याजच आहे.

व्याजाबरोबर प्रत्येक खात्यातील वर्षभरातली सर्वांत मोठी शिल्लकही टिपून ठेवावी. परदेशातील सर्व खात्यांची एकत्रित रक्कम वर्षात कोणत्याही दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म ११४, भरणे बंधनकारक आहे; तो फिनसेन या अमेरिकी अर्थखात्याच्या यंत्रणेकडे जातो. ही मर्यादा प्रत्येक खात्याची नसून सर्व खात्यांची मिळून आहे. आईवडिलांच्या खात्यावर केवळ सोयीसाठी आपले नाव जोडलेले असले, तरी संयुक्त खातेदार म्हणून ते खाते यात येते. पैसे त्यांचे असले तरी खाते लपवू नये; त्या व्याजाचा खरा मालक कोण, हे प्रिपेअररला वेगळे सांगावे. रुपयांचे डॉलर करताना एफबीएआरसाठी अमेरिकेच्या अर्थखात्याने (ट्रेझरी) दिलेला ३१ डिसेंबरचा दर वापरतात, तर व्याजाच्या उत्पन्नासाठी साधारणतः वर्षाचा सरासरी दर घेतात. म्हणून आकडे रुपयांतच द्यावेत आणि रूपांतर प्रिपेअररवर सोपवावे.

परदेशातील आर्थिक मालमत्ता अधिक असेल, तर एफबीएआरखेरीज तिची माहिती देणारा फॉर्म ८९३८ ही रिटर्नसोबत लागतो. अमेरिकेत राहणाऱ्या एकट्या व्यक्तीसाठी त्याची मर्यादा वर्षअखेरीस ५०,००० डॉलर किंवा वर्षात केव्हाही ७५,००० डॉलर, आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या पतीपत्नींसाठी अनुक्रमे १,००,००० आणि १,५०,००० डॉलर यांपेक्षा जास्त अशी आहे.

भारतातील म्युच्युअल फंडांकडे विशेष लक्ष द्यावे. अमेरिकेचा करकायदा त्यांना सामान्यतः परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी मानतो. त्यांच्यासाठी फॉर्म ८६२१ लागू शकतो आणि करआकारणीही वेगळी, बऱ्याचदा जाचक असते. खरेदीच्या तारखा, युनिटची संख्या, विक्री आणि ३१ डिसेंबरचे मूल्य हे सर्व कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये मिळते. हे काम जाणणारे प्रिपेअरर थोडे असतात, म्हणून भेट ठरवतानाच तसे विचारून घ्यावे. भारतातील नातेवाईकांकडून वर्षभरात १,००,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम भेट किंवा वारसा म्हणून आली असेल, तर तिच्यावर प्राप्तिकर नसला तरी फॉर्म ३५२० द्यावा लागतो. बँकेतून आलेल्या रकमेचा पुरावा जपून ठेवावा.

या सगळ्याला वेळ लागतो तो साध्या कारणाने: भारतीय बँकेचा ओटीपी भारतातल्या मोबाइल क्रमांकावर जातो, आणि तो क्रमांक अनेकदा बंद पडलेला किंवा घरच्यांकडे असतो. डिसेंबरमध्येच लॉगइन करून पाहिले, तर एप्रिलमधली धावपळ टळते.

अमेरिकेतील कागदपत्रांबद्दल थोडक्यात. वर्षात नोकरी बदलली असेल तर प्रत्येक कंपनीचा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म, हवा. तो ३१ जानेवारीपर्यंत देणे कंपनीवर बंधनकारक आहे. व्याज, लाभांश, शेअर विक्री आणि स्वतंत्र कामाच्या उत्पन्नाचे १०९९ फॉर्म, गृहकर्जाचा १०९८, शिक्षणशुल्काचा १०९८-टी आणि मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातून घेतलेला) आरोग्य विमा असल्यास १०९५-ए हेही जमवावेत. ब्रोकरची सुधारित १०९९ फेब्रुवारीनंतरही येते, त्यामुळे शेअर बाजारात गुंतवणूक असणाऱ्यांनी फार लवकरची भेट घेऊ नये. मुलांच्या डे-केअरची सवलत हवी असेल, तर त्या संस्थेचे नाव, पत्ता आणि करओळख क्रमांक लागतो. गेल्या वर्षीचे रिटर्न, आयआरएसने (अमेरिकेचा करविभाग) दिला असल्यास ओळखचोरीपासून संरक्षण देणारा सहा अंकी आयपी पिन आणि रिफंडसाठी बँक खात्याचा तपशील सोबत असावा.

कंपनीकडून आरएसयू, म्हणजे पगाराचा भाग म्हणून ठरावीक काळाने हाती येणारे शेअर, मिळणाऱ्यांनी एक कागद विसरू नये. शेअर हाती आले त्या दिवशीचे मूल्य डब्ल्यू-२ मधील पगारात आधीच धरलेले असते, पण शेअर विक्रीच्या १०९९-बी वर खरेदीमूल्य पुष्कळदा शून्य किंवा अपुरे छापलेले असते. ब्रोकरचे पूरक स्टेटमेंट दिले नाही, तर त्याच रकमेवर दोनदा कर भरला जातो.

सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या जोडीदाराचे नाव रिटर्नवर घ्यायचे असेल, तर आयटीआयएनसाठी (सोशल सिक्युरिटी क्रमांकाऐवजी चालणारा करओळख क्रमांक) डब्ल्यू-७ अर्ज रिटर्नला जोडावा लागतो. त्यासोबत मूळ पासपोर्ट किंवा तो देणाऱ्या यंत्रणेने प्रमाणित केलेली प्रत चालते. नोटरी केलेली प्रत चालत नाही. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवण्यापेक्षा आयआरएसने मान्यता दिलेल्या सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंटकडे जाणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण तो पासपोर्ट तपासून परत देतो.

प्रिपेअरर निवडताना त्याच्याकडे पीटीआयएन, म्हणजे प्रिपेअररला आयआरएसने दिलेला ओळख क्रमांक, आहे आणि तो रिटर्नवर स्वतःची सही करतो, याची खात्री करावी. रिफंडच्या टक्केवारीत फी मागणाऱ्याकडे जाऊ नये, आणि कोऱ्या रिटर्नवर कधीही सही करू नये.

रिटर्नची मुदत साधारणतः १५ एप्रिल असते. भारतातले कागद तोवर आले नाहीत, तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मिळते. मात्र ती कागद सादर करण्याची असते, कर भरण्याची नव्हे, म्हणून अंदाजे कर एप्रिलमध्येच भरावा. एफबीएआरला ऑक्टोबरपर्यंतची मुदत आपोआप मिळते.

रिटर्न तयार झाल्यावर प्रत्येक आकडा आपल्या कागदांशी ताडून मगच ई-फायलिंगच्या फॉर्म ८८७९ वर सही करावी. ही सही एफबीएआरला लागू होत नाही. एफबीएआर आयआरएसच्या रिटर्नसोबत न जाता फिनसेनकडे स्वतंत्रपणे ऑनलाइन सादर होतो, आणि तो प्रिपेअररने भरायचा असेल तर ११४ए या फॉर्मवर त्याला वेगळा अधिकार द्यावा लागतो. तो कोण भरणार, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे, आणि भरल्याची पावती व खात्यांच्या नोंदी किमान पाच वर्षे जपून ठेवाव्यात.