पन्हाळ्याचे माकड आणि ब्राझीलचे मार्मोसेट

पन्हाळ्यावर पर्यटकांच्या हातातले कणीस पळवणारे माकड आणि ओंजळीत मावणारे ब्राझीलचे मार्मोसेट या दोघांनाही आपण ढोबळपणे माकडच म्हणत असल्यामुळे, एकाला पाळण्याची परवानगी असेल तर दुसऱ्यालाही असणार, असा समज कोल्हापुरात अनेकदा ऐकू येतो. संस्थानकाळात इथे शिकारीसाठी चित्ते पाळले जात. वन्यप्राणी पदरी असणे मानाचे समजले जाई, हेही त्या समजामागे असावे. कायदा मात्र दोघांना निरनिराळ्या नजरेने पाहतो.

पन्हाळ्याचे माकड म्हणजे डोक्यावर टोपीसारखा केसांचा भोवरा असलेले बॉनेट मकाक. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि हे माकड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, गेले. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात जिवंत पकडणेही येते, म्हणून आईपासून दुरावलेले पिल्लू दयेपोटी घरी आणून साखळीने बांधले, तरी तो गुन्हाच ठरू शकतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. अशा पिल्लाची खबर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर देणे हाच सरळ मार्ग होय. त्याच दुरुस्तीने माकड यादीतून वगळले गेले, ही बातमीही खोटी नाही, पण ते माकड उत्तरेकडचे ऱ्हीसस, आपल्याकडचे नव्हे. नावातल्या या घोळाने माझ्या मते सर्वाधिक गैरसमज पसरवला आहे.

मार्मोसेट भारतातले नाही. सायटिस या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांत मानव वगळता सर्व प्रायमेट (माकड-वानर गटातले) प्राणी येतात आणि ती परिशिष्टे आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत घेतलेली आहेत. त्यामुळे मार्मोसेट बाळगण्यावर सरसकट बंदी नाही, परंतु २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करावी लागते: आधीपासून असलेल्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती, नव्याने ताब्यात आलेल्यासाठी तीस दिवसांची आहे. परदेशातून आणायचे असल्यास आयातीची परवानगी वेगळी लागते.

नोंदणीचा दाखला हा कोणतेही माकड पाळण्याचा परवाना नव्हे. बॉनेट मकाकही सायटिसच्या परिशिष्टात आहे. पण एखादी प्रजाती पहिल्या व चौथ्या अशा दोन्ही अनुसूचींत असली, तर पहिलीच्या तरतुदी लागू होतात. म्हणून पन्हाळ्याहून आणलेल्या पिल्लाचा अर्ज पोर्टलवर भरून ते कायदेशीर होत नाही. दुसरीकडे, मार्मोसेटचा मालकही एकदा नोंद करून मोकळा होत नाही. जन्म, मृत्यू, हस्तांतरण असे प्रत्येक बदल कळवावे लागतात, आणि मार्मोसेटला बहुधा जुळीच होतात.