किनारा दूर होत गेला : कोकणच्या दर्यावरील मासेमारीतील जोखमीची पार्श्वभूमी

वादळात मासेमारी बोट बेपत्ता झाल्याची बातमी आली की ठरावीक प्रश्न विचारले जातात. हवामान खात्याने इशारा वेळेवर दिला होता का, बंदरात तीन नंबरचा बावटा लागला होता का, आणि लागला असेल तर मच्छीमार समुद्रात का राहिले? हे प्रश्न विचारणाऱ्याने मनाशी धरलेले असते की बोट बंदराच्या आसपासच होती आणि तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, मनावर घेतले असते तर ती दोन-चार तासांत किनाऱ्याला लागली असती. शिडाच्या होड्यांच्या काळात हे बरेचसे खरे होते. आज ते खरे का राहिलेले नाही, हे समजण्यासाठी कोकणचा मच्छीमार किनाऱ्यापासून इतका दूर कसा गेला, याचा मागोवा घ्यावा लागतो.

मुंबई, वसई, सातपाटी, डहाणू या उत्तरेकडच्या पट्ट्यातील जुनी मासेमारी प्रामुख्याने डोलीची होती. समुद्राच्या तळात लाकडी खुंट रोवायचे, त्यांना पिशवीसारखे निमुळते जाळे बांधायचे आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाने बोंबील, जवळा, कोळंबी त्यात लोटून आणायची, अशी ही पद्धत. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला प्रवाह जोरकस असल्याने जाळे भरते, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला पाणी मंद असल्याने धंदाही मंदावतो. पाणी बदलण्याच्या वेळेला होडी खुंटापाशी पोहोचली पाहिजे आणि मासळी काढून परतली पाहिजे, त्यामुळे दिवसाचे वेळापत्रक चंद्राच्या हाती असे. जोखीम तेव्हाही होतीच. खुंट रोवण्याचे काम जिवावरचे असे आणि अचानक फिरलेल्या वाऱ्याने होड्या उलटत. पण जायचे किती लांब याला शीड, वल्ही आणि मासळी नासण्याचा वेळ या तिन्हींनी मर्यादा घातलेली होती. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात रापणीची मासेमारी तर किनाऱ्यावर उभे राहून, गावाने मिळून जाळे ओढण्याची.

खोल समुद्राकडे जाण्याची कल्पना मात्र सरकारदरबारी जुनी आहे. मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ या वाफेवरच्या ट्रॉलरने, म्हणजे मागे जाळे ओढत नेणाऱ्या बोटीने, प्रायोगिक मासेमारी करून पाहिली होती. खरा बदल झाला तो स्वातंत्र्यानंतर. होड्यांना डिझेल इंजिने बसली, त्यासाठी सहकारी संस्थांमार्फत कर्जे मिळाली, सुती जाळ्यांच्या जागी नायलॉन आले आणि बंदरांजवळ बर्फाचे कारखाने निघाले. या साऱ्यांत इंजिनाचे कौतुक अधिक होते, पण माझ्या मते जोखमीच्या इतिहासात बर्फाचा वाटा त्याहून मोठा आहे. इंजिनाने बोट लांब जाऊ शकली, पण तिथे मुक्काम करणे शक्य झाले ते बर्फामुळे. बोटीच्या पोटातल्या खणात बर्फ भरला की मासळी आठ-दहा दिवस टिकते. मग फेरीही आठ-दहा दिवसांची होते.

शक्य झालेली गोष्ट पुढे भाग पडली. किनाऱ्यालगत यांत्रिक ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात संघर्ष सुरू झाल्यावर महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला. त्यानंतर माशांचा अख्खा थवा वेढून घेणारी पर्ससीन जाळी आली, प्रखर एलईडी दिव्यांची मासेमारी आली, आणि प्रत्येकाविरुद्ध आंदोलने होऊन निर्बंध घातले गेले; एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. मासळी मात्र घटत गेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१९ मध्ये महाराष्ट्रात सुमारे २.०१ लाख टन मासळी उतरली, ती ४५ वर्षांतील सर्वांत कमी होती. त्या वर्षी वादळांमुळे धंद्याचे बरेच दिवस बुडाले होते हे खरे, पण जवळ मिळत नाही म्हणून लांब जायचे ही ओढ त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. डिझेल, बर्फ आणि रेशन भरून बोट निघाली की तो खर्च अंगावर असतो. तो भरून निघण्याआधी परतणे म्हणजे मालकाचे नुकसान आणि वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाचे हात रिकामे. बंदरात बावटा लागल्याचे कळले तरी तांडेल आणखी एक जाळे टाकू पाहतो, त्यामागे बेफिकिरीपेक्षा हा हिशेब अधिक असतो.

ट्रॉलरवर जाळे पाण्यात सोडल्यावर तीन-चार तासांनी ओढले जाते, दिवसा आणि रात्रीही. जाळे ओढणाऱ्या विंच या यंत्रावर ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा फिरतो आणि वाटेत येईल त्याचा हातपाय मोडतो. जाळे डेकवर मोकळे झाले की उकिडवे बसून मासळी निवडायची. त्या ढिगात शिंगाळ्याचे काटे असतात, पाकटाच्या शेपटीचा विषारी काटा असतो, आणि हातमोजे घातले तर हात भरभर चालत नाहीत म्हणून ते बहुधा घातले जात नाहीत. निवडलेली मासळी खणात बर्फाच्या थरांत रचेपर्यंत पुढचे जाळे ओढण्याची वेळ होते. बंद खणात मासळी कुजून विषारी वायू साचलेला असेल, तर आत उतरलेला माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही. मोबाइलची रेंज किनारा सोडल्यावर थोड्याच वेळात जाते. व्हीएचएफ या बिनतारी संचाचा आवाज वीस-पंचवीस सागरी मैलांपलीकडे भरवशाचा राहत नाही. जखमी माणसाला किनाऱ्यावर आणायला दीड-दोन दिवस लागणे ही अपवादाची गोष्ट नाही.

अंतर वाढत असताना समुद्रही बदलत होता. अरबी समुद्र बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ चक्रीवादळाने तिला पहिला मोठा धक्का दिला. ९ नोव्हेंबरच्या सुमारास तयार झालेला कमी दाबाचा पट्टा ११ तारखेला वादळ होऊन अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आलासुद्धा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या ज्या बोटी तेव्हा बाहेर होत्या, त्यांच्यासाठी दोन दिवसांची ही मुदत फार अपुरी होती. २०१७ मधील ‘ओखी’त हेच अधिक भीषण प्रमाणात घडले. केरळ आणि कन्याकुमारीचे खोल समुद्रात जाणारे मच्छीमार इशारा निघण्यापूर्वीच दूर गेलेले होते. त्यांतल्या ६८ बोटी ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या आणि देवगडकरांना आपल्या बंदरात मल्याळी-तमिळ बोटींची गर्दी पाहायला मिळाली. २०१९ मध्ये तर अरबी समुद्रात एका वर्षात पाच चक्रीवादळे झाली, त्यांतले ‘क्यार’ महाचक्रीवादळ होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी १९८२ ते २००० या काळाशी तुलना केली, तेव्हा २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली.

वादळात गेलेल्यांचे मृतदेह अनेकदा सापडत नाहीत, आणि तिथून घरच्यांची दुसरी परवड सुरू होते. पुरावा कायद्यानुसार सात वर्षे माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तरच तो मृत असल्याचे गृहीत धरता येते. तोवर मृत्यूचा दाखला नाही. दाखल्यावाचून विमा, बँकेतली रक्कम, बोटीतला वाटा, सारेच अडते. ओखीनंतर केरळ सरकारने ही सात वर्षे न थांबता बेपत्ता मच्छीमारांच्या कुटुंबांना मदत देण्याचे ठरवले, तेव्हा हा प्रश्न देशभर ठळकपणे पुढे आला.

दूर जाण्याचे आणखी एक टोक कच्छच्या समुद्रात आहे. सिंधूच्या मुखाजवळचे हे पाणी मासळीने समृद्ध आहे आणि सर क्रीक या सीमेवरच्या खाडीचा वाद न मिटल्याने तिथली भारत-पाकिस्तान सागरी सीमाही ठरलेली नाही. पाण्यावर रेघ नसते. जाळ्यामागे वाहत गेलेली बोट पलीकडच्या गस्ती नौकेच्या हाती लागते. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या परस्परांना देतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात २१७ भारतीय किंवा भारतीय मानले जाणारे मच्छीमार होते. पकडल्या जाणाऱ्या बहुतेक बोटी गुजरातच्या असल्या, तरी त्यांवर पालघर जिल्ह्यातले, विशेषतः डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण खलाशी असतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अशाच एका बोटीवर झालेल्या गोळीबारात पालघरचा एक खलाशी ठार झाला. याच समुद्रातून नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कुबेर’ ही पोरबंदरची बोट मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यासाठी निघालेल्या दहशतवाद्यांनी पळवली आणि तिच्यावरच्या साऱ्यांना मारले. त्यानंतर बायोमेट्रिक ओळखपत्रे, बोटींना ठरवून दिलेले रंग आणि वारंवार तपासणी हे मच्छीमाराच्या रोजच्या व्यवहारात आले. हल्ल्यातले पहिले बळी मच्छीमारच होते, याची आठवण तपासणी करणाऱ्याला क्वचितच असते.

खलाशी कोण, हेही बदलले आहे. कोळीवाड्यातली नवी पिढी शिकून नोकरीकडे वळली आणि रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी कामगार दिसू लागले. हंगामाआधी घेतलेली उचल फेडत ते काम करतात. ज्याने लहानपणी समुद्रच पाहिलेला नाही, त्याला वाऱ्याचा रंग ओळखता येत नाही, आणि कित्येकांना धड पोहताही येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००७ चा मासेमारीविषयक करार, तीन दिवसांहून अधिक काळ समुद्रात राहणाऱ्या बोटींवर दर २४ तासांत किमान दहा तासांची विश्रांती सांगतो. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही, आणि दर तीन-चार तासांनी जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरवर ही विश्रांती कशी बसवायची, हा प्रश्न त्यामुळे कुणाला अधिकृतपणे पडलेला नाही.

सरकारी उपाय अलीकडे वाढले आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच, एक लाख बोटींवर उपग्रहाधारित ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. मोबाइलची रेंज संपल्यावरही त्यावरून इशारा आणि मदतीचा संदेश जाऊ शकतो. पावसाळी बंदीची कथा मात्र उलट दिशेची आहे. पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी आधी येईल त्या दिवसापर्यंत असे. नंतर पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र एकच मुदत असावी म्हणून ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची करण्यात आली. शेजारच्या राज्याच्या बोटी आधी सुटल्या तर आपले नुकसान होते, ही तक्रार त्याने मिटली. पण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणचा समुद्र अनेकदा खवळलेलाच असतो. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली आणि सोन्याचा नारळ दर्याला वाहिला जाण्यापूर्वीच बोटी महिनाभर दर्यावर होत्या.