पार्श्वभूमी : कोइची सुगियामा, ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि वाद्यवृंदाचा तिढा

‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही जपानी व्हिडिओ गेमची मालिका. तिचा अकरावा भाग, ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’, जुलै २०१७ मध्ये जपानात आला, सप्टेंबर २०१८ मध्ये बाहेरच्या देशांत पोचला, आणि चित्रांचं कौतुक करणाऱ्यांनीच संगीतावर बोट ठेवलं. खऱ्या वाद्यवृंदाऐवजी संगणकावर घडवलेली वाद्यं, त्यातल्या ट्रम्पेटचा टोचणारा आवाज आणि तीच ती सुरावट पुन्हा पुन्हा, अशी तक्रार होती. हौशी मंडळींनी पीसीवर गेममधल्या ध्वनीफाइली काढून त्या जागी वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणं बसवली. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत प्रकाशकाने वाद्यवृंदाचा पर्याय दिला. हा वाद नीट कळायचा तर तो १९८६ पासून पाहायला हवा.

या मालिकेचे संगीतकार कोइची सुगियामा १९३१ चे. गेमकडे वळले तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते आणि जपानी घराघरांत त्यांची गाणी आधीच पोचलेली होती. टीव्हीवर निर्माता-दिग्दर्शक म्हणून सुरुवात, साठच्या दशकात बँडसाठी लिहिलेली लोकप्रिय गाणी, जाहिराती, १९७१ च्या अल्ट्रामॅन मालिकेचं शीर्षकगीत. अ‍ॅनिमेत, म्हणजे जपानी कार्टूनपटांत, १९७९ चं ‘सायबॉर्ग ००९’ आणि १९८० चं ‘इडेऑन’. ‘इडेऑन’च्या शेवटच्या चित्रपटासाठी त्यांनी समूहगायनाचं मोठं काम केलं आणि जाणकार आजही ते काढून ऐकतात.

टीव्ही अ‍ॅनिमेचं पार्श्वसंगीत तेव्हा प्रसंग बघून लिहिलं जात नसे. ध्वनिविभागाकडून यादी येई: एम-१ शांत सकाळ, एम-२ पाठलाग, एम-३ संशय. अशा कित्येक तुकड्यांचं ध्वनिमुद्रण एकाच सपाट्यात उरकायचं. मग कुठल्या भागात कुठला तुकडा वाजवायचा हे निवड करणारा वेगळा माणूस ठरवी. जपानीत या प्रकाराला ‘गेकिबान’ म्हणतात, म्हणजे नाट्याची साथसंगत. ‘साथसंगत’ या छटेमुळे काही ज्येष्ठ संगीतकारांना हा शब्द आवडत नाही. पण गेमसाठी यापेक्षा चांगली तालीम मिळाली नसती. नगर, किल्ला, मोकळं रान, लढाई, भुयार ही यादी त्याच जातीची. कुठला तुकडा किती वेळ वाजेल ते लिहिणाऱ्याच्या हातात नाही, आणि शंभरदा ऐकूनही तो कानाला नकोसा होता कामा नये.

गेमशी त्यांचा संबंध आला तो एका शोगी (जपानी बुद्धिबळ) गेमसोबतच्या अभिप्राय कार्डामुळे. त्यांनी भरलेलं कार्ड प्रकाशकाच्या हाती पडलं, नाव ओळखीचं निघालं आणि बोलावणं आलं. २७ मे १९८६ ला आलेल्या पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’साठी त्यांनी आठ रचना केल्या. संपूर्ण गेम ६४ किलोबाइटचा. चित्रं, संवाद, नकाशे आणि संगीत, सगळं त्यातच.

हा गेम फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती गेम यंत्रावरचा. त्याच्या ध्वनीभागात दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी लहर, एक खरखराट आणि छोटे नमुने (ध्वनिमुद्रित आवाजांचे तुकडे) वाजवणारी एक वाट (चॅनेल) असते. चौकोनी लहरींना आवाजाच्या सोळा पायऱ्या आहेत. त्रिकोणी लहरीला एकही नाही: ती एक तर वाजते, नाही तर बंद. खर्जाची ओळ बहुधा तिच्याकडे जाते आणि ती हळूहळू विरवता येत नाही. ठसा हवा असेल तर स्वराची लांबीच तोडावी लागते. सूर ठरतो पूर्णांकाने भागून, त्यामुळे मधल्या सप्तकात सगळं सुरात असलं तरी वर चढलं की सूर घसरतो. ३५०० हर्ट्‌झच्या आसपास शेजारच्या दोन आकड्यांत सुमारे ११२ हर्ट्‌झचं, म्हणजे जवळपास अर्ध्या अर्धस्वराचं अंतर पडतं. तिथे नेमका सूर मिळतच नाही. म्हणून शहाणा संगीतकार सुरावट तितकी वर नेत नाही.

दुसरी अडचण याहून त्रासाची. तलवारीचा वार, दार उघडणं, मेनूवरची टिकटिक हे आवाजही याच वाटांतून जातात. वार वाजला की एक चौकोनी लहर तेवढ्यापुरती संगीतातून निघून जाते. मुख्य सुरावट त्याच वाटेवर असेल तर गाण्याच्या मध्येच भोक पडतं. उपाय म्हणजे सुरावट एका वाटेवर ठेवायची, ध्वनिपरिणाम दुसरीवरून सोडायचे, आणि दुसरी ओळ अशी लिहायची की ती क्षणभर गेली तरी गाणं उभं राहील.

सुगियामांचं कसब इथे दिसतं. किल्ल्याची रचना बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपी संगीताच्या) वळणाची आहे, ओळी एकमेकींच्या मागे धावतात आणि स्वरमेळ एकत्र वाजण्याऐवजी एकापाठोपाठ एक उलगडतो. कान तो आपसूक जोडून घेतो. भुयारातली युक्ती तर फुकटातली म्हणावी अशी: खेळाडू एकेक मजला खाली उतरतो तशी तीच सुरावट खालच्या पट्टीत आणि संथ होत जाते. नवी रचना नाही, जागेचा खर्च जवळजवळ शून्य. दोन आकडे बदलले की खोली जाणवायला लागते. माझ्या मते त्या यंत्रावर संगीताचा इतका नेमका वापर फार थोड्यांनी केला.

जागेची ओढाताण पुढेही सुटली नाही. फेब्रुवारी १९८८ मधला तिसरा भाग २५६ किलोबाइटचा होता, तरी शीर्षकाच्या पडद्यावरचं चित्र आणि संगीत दोन्ही कापावं लागलं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, आवाज नाही. मालिकेची ओळख ठरलेली सुरुवातीची धूनच तिथे वाजली नाही.

सुपर फॅमिकॉम या पुढच्या यंत्रावर (पाचवा भाग १९९२, सहावा १९९५) आठ वाटा आल्या आणि खऱ्या वाद्यांचे नमुने वापरता येऊ लागले. पण ध्वनीसाठीची स्मृती एकूण ६४ किलोबाइट. १६ नमुनाबिंदू (ध्वनिलहरीची क्षणाक्षणाची मोजमापं) ९ बाइटांत दाबून बसतात. पूर्ण ३२ किलोहर्ट्‌झने साठवलं तर एका सेकंदाला १८,००० बाइट, म्हणजे सगळी स्मृती वापरूनही साडेतीन सेकंदांच्या थोडं वर. त्यातूनच प्रतिध्वनीसाठी जागा काढायची: दर १६ मिलिसेकंदांना २ किलोबाइट. सभागृहासारखी घुमारी हवी म्हणून प्रतिध्वनी २४० मिलिसेकंदांपर्यंत ताणला तर ३० किलोबाइट त्यातच गेले आणि व्हायोलिनचा नमुना छाटावा लागला. त्या काळातल्या गेममध्ये तंतुवाद्यं कागदी वाटतात त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित असतं.

याच काळात या रचनांचं दुसरं आयुष्य सुरू झालं होतं. पहिल्या गेमनंतर लगेच संगीताचा अल्बम निघाला, ऑगस्ट १९८७ मध्ये टोकियोत मैफल झाली, आणि पुढे प्रत्येक भागाची ‘सिम्फोनिक सुइट’, म्हणजे वाद्यवृंदासाठी बांधलेली माला, जपानच्या आणि लंडनच्या वाद्यवृंदांनी ध्वनिमुद्रित केली. गेममध्ये तीन आवाज आणि मैफलीत साठ वादक, अशी दोन रूपं शेजारी शेजारी नांदत राहिली. मैफलीचं रूप मूळ आणि गेममधलं त्याची छोटी प्रत, की उलटं? स्वरलिपी पाहिली तर सुरावट आणि खर्ज एवढ्यावरही ती रचना पुरी वाटते. साठ वादक तिला जाड करतात, घडवत नाहीत. मला तरी तीन आवाजांचं रूपच मूळ वाटतं.

नोव्हेंबर २००४ मध्ये आठवा भाग जपानात संगणकी वाद्यांसह आला. वर्षभराने परदेशी आवृत्तीत टोकियोच्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण होतं. जपानी खेळाडूंना वाईट वाटलं ते स्वाभाविक होतं. २०१५ मध्ये तोच भाग थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला तेव्हा जपानात वाद्यवृंद मिळाला. आणि २०१७ च्या सुरुवातीला परदेशी थ्रीडीएस आवृत्तीत? पुन्हा संगणकी वाद्यं. जे एकदा दिलं होतं तेच काढून घेतलं गेलं. त्याच वर्षी अकरावा भाग आला, म्हणून राग दुप्पट.

जागा कमी पडली हे उत्तर इथे टिकत नाही. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज न दाबता ठेवला तर मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट लागतात, दाबून ठेवला तर त्याचा अंशभर. जपानी थ्रीडीएस आवृत्तीत ते सगळं त्याच यंत्रावर मावलेलं होतं. चर्चेत म्हणून बोट ठेवलं जातं ते हक्कांवर. रचनेचा हक्क एक, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क दुसरा. रचनेचा परवाना हाती असला तरी अल्बमसाठी केलेलं ध्वनिमुद्रण गेममध्ये, तेही वेगळ्या देशात आणि वेगळ्या यंत्रावर विकायला वेगळी परवानगी लागते. संगणकी रूप स्वतः तयार केलं की हा दुसरा प्रश्न उरतच नाही.

या वादात एका शब्दाने बराच गोंधळ घातला: ‘मिडी’. लोक सर्रास म्हणतात, “संगीत मिडी आहे, म्हणून वाईट वाटतं.” मिडी हा आवाज नाही. १९८३ पासून चालत आलेली ती सूचनांची पद्धत आहे: कोणता स्वर, केव्हा, किती जोराने, केव्हा सोडायचा. त्याच सूचना स्वस्त नमुन्यांना दिल्या तर खेळण्यातला बँड वाजतो, आणि प्रत्येक स्वराचे हळू-जोरात असे अनेक थर असलेल्या संग्रहाला दिल्या तर भले भले फसतात. म्हणजे दोष नमुन्यांच्या निवडीत आणि वाजवण्यातल्या बारकाव्यात शोधायला हवा. सगळ्या स्वरांचा जोर सारखा, ट्रम्पेटला श्वास घ्यायला जागा नाही, तंतुवाद्यांचा प्रत्येक स्वर त्याच झटक्याने सुरू होतो: कानाला खुपतं ते हे. ‘मिडी’ला शिव्या देऊन खरी चूक झाकली जाते.

वाद्यवृंद आणला की सगळं सुटतं असंही नाही. सभागृहात शेवटचा स्वर संपल्यावरही घुमारी सेकंद-दोन सेकंद राहते. ध्वनिमुद्रण शेवटच्या मात्रेवर कापून पुन्हा सुरुवातीला जोडलं तर घुमारी तुटते आणि प्रत्येक फेरीला धक्का जाणवतो. म्हणून रचना सलग दोनदा वाजवून घ्यायची आणि फेरीचा सांधा दुसऱ्या खेपेत ठेवायचा. तिथे पहिल्या खेपेची घुमारी आधीच मिसळलेली असते. अल्बमसाठी एकदाच वाजवलेल्या ध्वनिमुद्रणात ही सोय नसते. शिवाय भुयाराची ती जुनी युक्ती, मजल्यागणिक पट्टी उतरवणं, ध्वनिमुद्रणावर केली तर वाद्यांचे आवाजच भसाडे होतात.

सप्टेंबर २०१९ च्या आवृत्तीत दोन्ही रूपं ठेवून निवड खेळाडूवर सोडली. हेच दोन वर्षं आधी व्हायला हवं होतं.

अखेरच्या वर्षांत संगीताबाहेरचे वादही सुगियामांच्या नावाला चिकटले. युद्धकाळात जपानी सैन्याने स्त्रियांना जबरदस्तीने नेलं हे नाकारणारी जाहिरात २००७ मध्ये एका अमेरिकी दैनिकात आली. तिच्यावर सही करणाऱ्यांत ते होते. म्हणून २३ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन त्यांच्याच धुनेने सुरू झालं तेव्हा कौतुक आणि आक्षेप दोन्ही एकाच वेळी उमटले. ३० सप्टेंबर २०२१ ला, नव्वदाव्या वर्षी, ते वारले. बाराव्या भागाची घोषणा त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती. तिसऱ्या भागाची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली ती वाद्यवृंदाच्या संगीतासह.