अन्नपिकांऐवजी जैवइंधन पिके : आर्थिक परिणाम

मका, ऊस, पाम, सोयाबीन, रेपसीड यांसारखी पिके माणसाच्या वा जनावरांच्या पोटात न जाता इथेनॉल आणि बायोडिझेलकडे वळली, किंवा त्यांच्या लागवडीसाठी इतर अन्नपिकांखालची जमीन गेली, की अन्नाचे भाव, शेतीचे उत्पन्न आणि जमिनीची किंमत बदलते. या बदलांचा विचार येथे केला आहे.

खनिज तेल महागल्यावर ब्राझीलने १९७५ मध्ये उसापासून इथेनॉल बनवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेने २००५ मध्ये इंधनातील जैवइंधनाचे प्रमाण कायद्याने ठरवले आणि २००७ मध्ये ते खूप वाढवले. पुढच्या काही वर्षांतच तिथला सुमारे ४० टक्के मका इथेनॉल कारखान्यांकडे जाऊ लागला. या आकड्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण कारखान्यात गेलेल्या मक्यापैकी वजनाने जवळजवळ एकतृतीयांश भाग पशुखाद्य म्हणून परत येतो.

खरी अडचण सक्तीच्या मागणीत आहे. पीक बुडाले तरी ठरलेला कोटा बाजारातून उचलला जातोच. मग तुटवडा सोसायचा तो उरलेल्या गिऱ्हाइकांनी, म्हणजे पशुपालकांनी आणि अन्न विकत घेणाऱ्या कुटुंबांनी. अमेरिकेत २०१२ च्या दुष्काळात मका विक्रमी महागला. अनेक राज्यांनी कोटा तात्पुरता शिथिल करण्याची मागणी केली, पण पर्यावरण संरक्षण संस्थेने ती फेटाळली.

२००७-०८ च्या अन्नदरवाढीत जैवइंधनाचा वाटा किती, यावर अर्थतज्ज्ञांचे एकमत नाही. जागतिक बँकेतील डोनाल्ड मिचेल यांनी ७० ते ७५ टक्के दरवाढ जैवइंधने आणि त्यांतून उद्भवलेले घटलेले साठे, सट्टेबाजी, निर्यातबंदी यांच्या माथी मारली. इतरांचे अंदाज बरेच कमी होते. महागडे तेल आणि दुष्काळ हीही कारणे होतीच.

भाव चढले की शेतकऱ्याचे भले होते, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. विकायला भरपूर माल असणाऱ्याला फायदा होतो. पण वाढलेल्या नफ्याचा मोठा हिस्सा कालांतराने जमिनीच्या किमतीत आणि खंडात मुरतो, त्यामुळे खंडाने कसणाऱ्याच्या हाती थोडेच उरते. गरीब देशांतले कितीतरी अल्पभूधारक पिकवतात त्याहून जास्त धान्य विकत घेतात. कमाईचा निम्मा भाग अन्नावर घालवणाऱ्या अशा घरात दरवाढीने ताटातली डाळ, दूध, भाजी आधी कमी होते. ही झळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरासरीत दिसत नाही.

परिणाम एका देशापुरता राहत नाही. २००७ मध्ये अमेरिकी शेतकऱ्यांनी मका वाढवून सोयाबीन घटवले. अशी तूट भरून काढायला दुसरीकडे जंगल वा कुरण मोडले जाते, असे अमेरिकी संशोधक टिमोथी सर्चिंजर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडले.

अन्नपिकांपासूनच्या इंधनावर युरोपीय संघाने २०१५ मध्ये वाहतूक-ऊर्जेच्या ७ टक्क्यांची मर्यादा घातली. काडीकचऱ्यापासूनचे इथेनॉल हा पर्याय मानला जातो. अमेरिकेच्या २००७ च्या कायद्यात २०२२ पर्यंत अशा इंधनाचे १६ अब्ज गॅलनचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या जवळपासही पोहोचले नाही, आणि कोट्याचा भार मका व सोयाबीन तेलावरच राहिला.