गुडघा का दुमडतो आणि कॅलिपर नेमकं काय करतो

कमरेला पट्टा, पायांना मोटारी, आणि व्हीलचेअरवरून उठून चालू लागलेला माणूस. रोबो-पोशाखाचा असा व्हिडिओ अधूनमधून मोबाइलवर फिरतो आणि ‘आता कॅलिपरचे दिवस संपले’ असं कोणीतरी लिहितंच. यांतल्या ‘रीवॉक’ या पोशाखाला अमेरिकेत २०१४ साली परवानगी मिळाली, पण तो घालून चालायलाही हातात कुबड्या घ्याव्याच लागतात. आपल्याकडे नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्यात सापडला. लहानपणी पोलिओ झालेली मुलं आता नोकरीधंद्याला लागलेली मोठी माणसं आहेत आणि त्यांतल्या अनेकांना धातूचे दोन बार, दोन-तीन पट्टे आणि गुडघ्याशी एक लॉक एवढ्याच सामग्रीचा कॅलिपर उभं ठेवतो. हे साधन साधं असलं तरी त्यामागचं गणित फार सुंदर आहे.

कॅलिपर पायाला ताकद देतो, हा समज आधी सोडायला हवा. उभं असताना जमीन आपल्याला वजनाइतकाच वरच्या दिशेने रेटा देते. या रेट्याची रेषा गुडघ्याच्या अक्षापुढून गेली तर गुडघा सरळ राहतो, मागून गेली तर दुमडायला लागतो. दुमडू नये म्हणून मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, त्याला ताणून धरतो. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो, त्यामुळे हा स्नायू लुळा पडतो. म्हणूनच पोलिओ झालेली कित्येक माणसं पाऊल टेकताना हाताने मांडी मागे दाबतात आणि धड पुढे झुकवतात. हात स्नायूचं काम करतो, आणि झुकलेलं धड वजनाची रेषा गुडघ्यापुढे आणतं. (मेलेल्या पेशी कुठल्याही ‘सिद्ध’ तेलाच्या मालिशीने परत येत नाहीत. आखडू पाहणारा गुडघा रोज ताणून सरळ ठेवणं मात्र खरोखर उपयोगी पडतं. का, ते पुढे आकड्यांतच दिसेल.)

लॉकचा कॅलिपर गुडघा तीन ठिकाणी धरतो. मांडीचा पट्टा मागून पुढे रेटतो, पोटरीचा पट्टाही मागून पुढे, आणि गुडघ्यावरची गादी पुढून मागे. समजा माणसाचं वजन ६० किलो आहे, तो एकाच पायावर उभा आहे, आणि मांडी व नडगी प्रत्येकी ४० सेंटिमीटर आहेत. गुडघा १० अंशांत वाकडा राहिला असेल, तर तो रेषेच्या सुमारे ३.५ सेंमी पुढे येतो. गुडघा दुमडवणारा जोर मग ६० गुणिले ३.५, म्हणजे २१० किलो-सेंमी. मांडीचा पट्टा गुडघ्यापासून २५ सेंमीवर असेल, तर त्यावर २१० भागिले २५, म्हणजे साधारण साडेआठ किलोचा दाब येतो. पोटरीचा पट्टाही तेवढ्याच अंतरावर धरला तर तिथेही तितकाच, आणि गुडघ्याच्या गादीवर दोन्हींची बेरीज, १७ किलो. वाक २० अंशांचा झाला की गुडघा ७ सेंमी पुढे जातो आणि गादीवर ३४ किलो येतात. पोलिओत स्पर्श आणि वेदना शाबूत असतात, त्यामुळे हा दाब माणसाला चांगलाच जाणवतो. दिसायला सुटसुटीत म्हणून आखूड कॅलिपर मागणाऱ्यांनी हेच गणित पट्टा १५ सेंमीवर धरून करावं. १० अंशांच्या वाकालाच मांडीवर १४ किलो येतात.

आता मला सर्वांत आवडणारा भाग: लॉकच नसलेला, मागे सरकवलेला सांधा. यात बिजागरीचा अक्ष पायाच्या मधल्या रेषेच्या एक-दोन सेंमी मागे बसवतात. पाय सरळ ठेवून वजन टाकलं की रेषा आपोआप अक्षापुढून जाते आणि सांधा जणू स्वतःच लॉक होतो. पाऊल उचललं की तो मोकळा, त्यामुळे पाय ताठ ओढत न्यावा लागत नाही. अट एवढीच, की गुडघा पूर्ण सरळ होत असावा आणि नितंबाच्या स्नायूंत मांडी मागे खेचण्याइतकं बळ असावं.

सगळा खेळ दोन सेंमीचा आहे, आणि तो बिघडवते चप्पल. हल्ली नडगीपासून तळव्यापर्यंतचा भाग पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकचा, घोट्यात न हलणारा करतात आणि तो बुटात घालतात. टाच आणि चवडा यांत १८ सेंमी अंतर धरा. नेहमीपेक्षा दीड सेंमी उंच टाचेचा बूट घातला, तर नडगी पावणेपाच अंश पुढे कलते आणि गुडघा ३.३ सेंमी पुढे जातो. दोन सेंमीची सोय तिथेच संपते आणि गुडघा दगा देतो. याच्या उलट, दीड सेंमी टाचेचा बूट दाराशी काढून अनवाणी घरात शिरलं, तर गुडघा तेवढाच मागे रेटला जातो आणि वर्षानुवर्षं असं चालल्यावर मागून सैल पडतो. दीड भागिले अठरा म्हणजे १:१२. रॅम्पचा प्रमाणित उतारही तेवढाच! म्हणजे दवाखान्यातल्या, नियमानुसार बांधलेल्या रॅम्पवरून खाली येतानाही हा सांधा दुमडू शकतो. तिथे कठडा धरून, लहान पावलं टाकत उतरावं. रोजचाच रस्ता चढउताराचा असेल तर लॉकचा सांधा बरा.

सांध्याची उंची ही दुसरी नाजूक जागा. बिजागरी नडगीच्या हाडाच्या वरच्या काठापासून सुमारे दोन सेंमी वर यावी लागते. ती चुकली तर उभं असताना काहीच कळत नाही, पण बसल्याबरोबर पट्टे वरखाली सरकून कातडी घासतात. म्हणून बसून पाहिल्याशिवाय कॅलिपर ताब्यात घेऊ नये. पोटरीचा पट्टा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या गोळ्यापासून दोन-तीन सेंमी खाली हवा. तिथे वळसा घेणारी नस दाबली गेली तर पावलाला मुंग्या येतात.

ड्रॉप लॉकच्या, म्हणजे पाय सरळ झाल्यावर कडी खाली घसरून सांधा अडवणाऱ्या लॉकच्या, दोन्ही बाजूंच्या कड्या खाली पडल्या आहेत का, हे उठताना दरवेळी चाचपावं. एकच पडली तर सगळा भार एका बारवर येतो आणि तो पिळतो. पोलिओचा पाय आखूड असेल तर बुटाचा सोल वाढवून फरक पूर्ण भरून काढावा, असं घरच्यांना वाटतं. पण लॉकचा ताठ पाय पुढे नेताना जमिनीला अडतो, म्हणून तो मुद्दाम सेंटिमीटरभर आखूडच ठेवतात.

माप द्यायला जाताना घरातली चप्पल आणि बाहेरचे बूट दोन्ही बरोबर न्यावेत आणि दोन्हींची टाच सारखी करून घ्यावी. नवा कॅलिपर पहिल्या दिवशी तासभरच घालावा. काढल्यावर पट्ट्यांखालची लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर खाली कापसाची घडी भरून वेळ मारून न नेता कॅलिपर बनवणाऱ्याकडे परत जाऊन तो भाग सैल करून घ्यावा.