सेवांतर्गत शिक्षकांचे पुढील शिक्षण आणि वाढीव अर्हता (महाराष्ट्र)

नोकरीत असलेल्या शिक्षकाने अध्यापन चालू ठेवून मिळवलेली पदविका, पदवी, पात्रता किंवा नोंदणी. महाराष्ट्रात यात बी.एड., एम.एड., शालेय व्यवस्थापन पदविका, शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), वरिष्ठ व निवड श्रेणीचे प्रशिक्षण आणि विशेष शिक्षकाची नोंदणी यांचा समावेश होतो. अमेरिकेतील बहुतेक राज्ये शिक्षकाला मुदतीचा परवाना देतात आणि तो ठरावीक काळाने नूतनीकरण करून घ्यावा लागतो. भारतात सर्वसाधारण शिक्षकासाठी अशी पद्धत नाही. एकदा मिळालेल्या अर्हतेचे नूतनीकरण करावे लागत नाही आणि वाढीव अर्हतेची नोंद सेवापुस्तकात होते. या नोंदीवर बढती, वेतनश्रेणी आणि सेवाज्येष्ठता ठरत असल्यामुळे आपल्याकडे शिक्षकाच्या पुढील शिक्षणाची दिशा वर्गातल्या गरजेपेक्षा सेवानियमांनी जास्त ठरवली आहे.

कोठारी आयोगाने (1964–66) प्रत्येक शिक्षकाला सेवेच्या दर पाच वर्षांत किमान दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली होती. ती त्या प्रमाणात कधीच अमलात आली नाही. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातल्या ‘डाएट’, उभ्या राहिल्या आणि अल्प मुदतीची प्रशिक्षणे नियमित झाली. पदवी-पदविकेचा भार मात्र शिक्षकानेच स्वतःच्या खर्चाने आणि सुट्ट्यांमध्ये उचलायचा, हे चित्र फारसे बदलले नाही.

जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक परंपरेने बारावीनंतर डी.एड. (आता डी.एल.एड.) ही अध्यापन पदविका करून नोकरीत येतो. सहावी ते आठवीसाठी पदवीधर शिक्षक, पुढे केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी व्हायचे, तर पदवी आणि बहुधा बी.एड. लागते. नोकरी सोडून पूर्णवेळ महाविद्यालयात जाणे बहुतेकांना परवडत नाही. 1989 साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे काम म्हणूनच मोलाचे आहे. नाशिकच्या या विद्यापीठाने नोकरीतल्या शिक्षकांसाठी मराठी माध्यमात बी.एड. चालवले. त्यात स्वयंअध्ययनाची पुस्तके, अभ्यासकेंद्रावरची संपर्क सत्रे आणि स्वतःच्याच शाळेत घ्यायचे पाठ अशी रचना असते. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या शिक्षकाला पुण्या-नागपुरात खोली घेऊन राहावे लागले नाही, ही साधी सोय अनेकांच्या नोकरीचा मार्ग बदलणारी ठरली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार बी.एड. आणि एम.एड. दोन्ही दोन वर्षांचे झाले. दूरस्थ बी.एड. प्राथमिक स्तरावरील प्रशिक्षित, सेवेतल्या शिक्षकांसाठी राखलेले आहे.

खाजगी अनुदानित शाळांमध्ये बी.एड. पदवीला वेगळेच वजन आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम 1977 आणि त्याखालील 1981 च्या नियमावलीत ज्येष्ठता ठरवणारी ‘अनुसूची फ’ आहे. माध्यमिक शिक्षकांची ज्येष्ठता अर्हतेनुसार पाडलेल्या प्रवर्गांमध्ये मोजली जाते, आणि प्रशिक्षित पदवीधरांच्या ‘क’ प्रवर्गात शिक्षक कोणत्या तारखेला आला यावर मुख्याध्यापकपदाचा हक्क अवलंबून राहतो. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी पदवीनंतर किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो, आणि त्यातली किमान दोन वर्षे बी.एड. नंतरची असावी लागतात. एकाच शाळेत आधी लागलेला पण उशिरा बी.एड. झालेला शिक्षक आणि नंतर लागलेला पण आधीच प्रशिक्षित असलेला शिक्षक यांच्यातले वाद शाळा न्यायाधिकरणापासून उच्च न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षे चालत आले आहेत. दोघांमध्ये चांगला शिकवणारा कोण, हा प्रश्न या वादात विचारलाच जात नाही.

वेतनाची शिडी दोन पायऱ्यांची आहे. बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी. ही योजना शिक्षकांसाठी नेमलेल्या चटोपाध्याय आयोगाच्या शिफारशींवर आधारलेली असल्याने शिक्षक तिला नुसते ‘चटोपाध्याय’ म्हणतात. दोन्हीसाठी विहित प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. निवड श्रेणीसाठी त्याशिवाय सेवेत असताना अर्हता वाढवलेली असावी लागते आणि तिच्या जागाही मर्यादित असतात. एम.ए., एम.एड. किंवा शालेय व्यवस्थापन पदविका यांच्याकडे चाळिशीतले शिक्षक वळतात, त्यामागे ही अट आहे. प्रशिक्षण वेळेवर आयोजित झाले नाही तर पात्र शिक्षकाची श्रेणी लांबते, आणि हा त्रास त्याच्या हातात नसलेल्या कारणाने होतो. एम.एड. आणि शिक्षणशास्त्रातील पीएच.डी. करणारे पुढे अध्यापक महाविद्यालयांत किंवा ‘डाएट’मध्ये अधिव्याख्याता होऊ शकतात. वर्गातच राहू इच्छिणाऱ्या उत्तम शिक्षकाला त्या दोन पदव्यांचा उपयोग फार थोडा होतो.

बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने (2009, अंमल 1 एप्रिल 2010 पासून) हे सारे ढवळून काढले. कायद्याच्या कलम 23 नुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 23 ऑगस्ट 2010 रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी बंधनकारक केली. महाराष्ट्रात ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद 2013 पासून घेते. पहिली ते पाचवीसाठी एक आणि सहावी ते आठवीसाठी दुसरी अशा दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी 150 गुण, वेळ अडीच तास. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के गुण लागतात. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत 60 गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांना आहेत. मराठी किंवा हिंदी शिकवणाऱ्यालाही यांतला एक गट निवडावाच लागतो, आणि वीस वर्षे भाषेच्या तासात रमलेल्या शिक्षकाला हे अवघड जाते. राज्यातला निकाल बहुधा एक आकडी टक्क्यांत राहिला आहे. प्रमाणपत्राची मुदत सुरुवातीला सात वर्षांची होती, ती 2021 मध्ये आजीव झाली.

सेवेतल्या शिक्षकांवर सर्वांत खोल परिणाम झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाचा. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांनी ठरवले की, शिक्षणहक्क कायद्यापूर्वी नेमल्या गेलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. तसे न झाल्यास सेवा सोडावी लागेल. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येते, मात्र टीईटीशिवाय बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षणहक्क कायदा लागू होतो का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. मुलांना पात्र शिक्षक मिळण्याचा हक्क खरा आहे. त्याचबरोबर, ज्या शिक्षकाने नेमणुकीच्या वेळची प्रत्येक अट पाळली त्याला पंचविसाव्या वर्षी वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या एका परीक्षेने तोलणे अन्यायकारक वाटते, ही शिक्षकांची भावनाही समजण्यासारखी आहे. निदान तयारीसाठी वर्ग, रजा आणि पुस्तके देणे हे राज्याचे कर्तव्य ठरते.

त्याआधी सर्वोच्च न्यायालयातच देवेश शर्मा प्रकरणात (11 ऑगस्ट 2023) बी.एड. धारक पहिली ते पाचवीसाठी पात्र नाहीत, असा निर्णय झाला होता. लहान मुलांना वाचायला-मोजायला शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे, ही त्यातली भूमिका योग्य आहे. ‘मोठी पदवी म्हणजे मोठा शिक्षक’ हा समज त्यामुळे थोडा तरी हलला. आधीच नियमित नेमणूक झालेल्या अशा शिक्षकांसाठी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम आखला गेला.

परवाना या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था विशेष शिक्षणात आहे. दिव्यांग मुलांना शिकवण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली विशेष शिक्षणातील पदविका किंवा बी.एड. लागते, आणि ती पूर्ण झाल्यावर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव दाखल करावे लागते. 1992 च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हे काम करणे दंडनीय आहे. नोंदणीचे नूतनीकरण करताना मधल्या वर्षांत पुरेसे निरंतर प्रशिक्षण घेतल्याचे गुण दाखवावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे प्रकरणात (2021) प्राथमिक स्तरावर दहा आणि माध्यमिक स्तरावर पंधरा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण घालून दिल्याने नियमित शिक्षकांनी ही जादा अर्हता घेण्याची गरज वाढली आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास, शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानके आणि 2030 पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक (पदवी आणि बी.एड. एकत्र असलेले) बी.एड. ही किमान पदवी, अशा तरतुदी आहेत. ‘निष्ठा’ (2019) हा शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम आणि ‘दीक्षा’ मंच यांवरून या तासांपैकी बराच भाग ऑनलाइन पूर्ण केला जातो.